दाखवायला जावं तर नाहीसं : अंगावर उठणाऱ्या पित्ताचा इतिहास

मराठीत पित्त दोन जागी होतं. एक पोटात. त्याच्यावर थंड दूध, मोरावळा, नाहीतर मेडिकलमधली गोळी. दुसरं अंगावर, आणि ते 'होत' नाही, 'उठतं'. लालसर, फुगीर, हाताला गरम लागणारं, आणि खाज अशी की नखं थांबवता येत नाहीत. गांधीलमाशी चावल्यावर जशी गांध येते तशा गांधी, फक्त माशी कुठेच नसते. घरात कुणाला पित्त उठलं की आमसुलं भिजत घालायची, तो कोळ अंगाला चोळायचा आणि घोंगडी नाहीतर जाड चादर गुंडाळून बसवायचं. तासा-दोन तासांत सगळं जातं आणि श्रेय आमसुलाला मिळतं.

आमसुलाचा अपमान करायचा नाही, गार कोळाने खाज शमते हे खरं आहे. पण बहुतेक वेळा ते काही न चोळताही गेलंच असतं. या आजाराची वैद्यकीय ओळखच ती आहे. इंग्रजीत त्याला हाइव्ह्ज म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत अर्टिकारिया. त्याची एक गांध साधारण 24 तासांच्या आत, मागे डाग न ठेवता, विरून जाते. (एखादी गांध त्याहून जास्त टिकली, तर डॉक्टर वेगळ्याच आजाराचा विचार करू लागतात. म्हणून पेनाने तिच्याभोवती गोल काढून वेळ बघून ठेवावी.)

म्हणजे हा पुरावा नष्ट करणारा आजार आहे. सकाळी आरशात चेहरा ओळखू येत नाही, आणि संध्याकाळी सहाच्या अपॉइंटमेंटला तुम्ही ठणठणीत त्वचा घेऊन हजर. डॉक्टरांच्या हाती फक्त तुमचा शब्द. त्यातून तुम्ही सांगायला लागता की मला हे पाण्याने होतं, उन्हाने होतं, बसच्या धक्क्यांनी होतं, मटण खाल्ल्यावर पाच तासांनी होतं. समोरच्या माणसाने ठरवायचं की हे खरं मानायचं की नाही. या आजाराचा इतिहास वाचताना मला दर वेळी हाच प्रश्न दिसतो. औषधं आणि रसायनं त्यात आहेतच, पण त्याआधी कुणीतरी कुणाचं तरी विचित्र वाटणारं बोलणं ऐकून घेतलेलं असतं. किंवा नसतं.

*

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ऐकून घेतलं होतं असं दिसतं. चरकसंहितेत 'उदर्द' शमवणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गटच दिलेला आहे. पुढे साधारण सातव्या-आठव्या शतकात माधवकराने रोगनिदानावर जो ग्रंथ लिहिला, त्या माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातली उपमा आपलीच वाटावी अशी : गांधीलमाशीच्या दंशासारखी सूज. खाज आणि टोचणी सांगितली आहे, कधी उलटी, ताप आणि आग होते हेही सांगितलं आहे. कोठ क्षणात उठतो आणि क्षणात जातो, अशी त्याची खूण परंपरेने नोंदवली आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 'शीत' हा शब्द. माधवकर कारण काय सांगतो? थंड वाऱ्याचा स्पर्श. त्याने कफ आणि वात बिघडतात आणि पित्ताशी मिळून आतबाहेर पसरतात. त्रिदोषांचा सिद्धान्त बाजूला ठेवला तरी खाली एक निरीक्षण उरतं : काही माणसांना गार वारा लागला की अंगावर गांधी उठतात. रोजच्या मराठीने यातला 'शीत' गाळला आणि 'पित्त' तेवढं ठेवलं. त्यामुळे आपण सगळा दोष जेवणावर ढकलतो. काल वांगं खाल्लं होतंस का? शिळं काही? रिकाम्यापोटी चहा? घोंगडीचा उपाय मात्र जुन्या नावाची आठवण धरून आहे.

युरोपात नाव पडलं ते एका झाडावरून. आपल्याकडे खाजकुइली, तशी तिकडे नेटल नावाची वनस्पती. तिच्या पानांना हात लागला की गांधी येतात. लॅटिनमध्ये ती अर्टिका. त्यावरून 1769 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम कलेन या वैद्याने अर्टिकारिया हे नाव रूढ केलं. त्याने ते केवळ दिसण्यावरून दिलं होतं. पण 1947 मध्ये एमेलिन आणि फेल्डबर्ग या दोघांनी नेटलच्या केसांमधला द्रव तपासला तेव्हा त्यात हिस्टामिन निघालं. पित्त उठतं तेव्हा माणसाच्या त्वचेत सुटतं तेच रसायन. कलेनची उपमा पावणेदोनशे वर्षांनी प्रयोगशाळेत खरी ठरली, ती अशी.

इंग्लंडच्या इतिहासातली एक लोकप्रिय गोष्ट इथे सांगितली जाते, ती सांगून बाजूला ठेवते. 1483 च्या जूनमध्ये, पुढे तिसरा रिचर्ड म्हणून राजा झालेल्या ग्लॉस्टरने दरबारी बैठकीत एका बिशपकडून त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेरी मागवल्या. मग तो थोडा वेळ बाहेर गेला, परत आला तो संतापून, आणि आपला हात दाखवून चेटूक झाल्याचा आरोप केला. लॉर्ड हेस्टिंग्जचं डोकं त्याच दिवशी उडवलं गेलं. रिचर्डला स्ट्रॉबेरीची ॲलर्जी होती आणि त्याने मुद्दाम पित्त उठवून घेतलं, असा तर्क नंतरच्या लोकांनी लढवला. पण थॉमस मोरने लिहिलेल्या वृत्तान्तात स्ट्रॉबेरी आहेत, वाळका हात आहे, गांधी नाहीत. गोष्ट मजेदार आहे म्हणून खरी मानायची गरज नाही.

*

थंडीने होणाऱ्या पित्ताची आधुनिक वैद्यकातली पहिली नोंद 1792 मधली, योहान पेटर फ्रांक या जर्मन वैद्याची मानली जाते. माझं स्वतःचं प्रकरण याच जातीचं आहे, म्हणून त्यातली एक मेख सांगते. थंडीचं पित्त बऱ्याचदा थंडीत उठतच नाही. ते उठतं त्वचा पुन्हा गरम व्हायला लागली की. पावसात भिजत स्कूटरवरून घरी यायचं, कपडे बदलायचे, आल्याचा चहा घ्यायचा, आणि पंधरा मिनिटांत हात आणि गाल फुगायचे. मग संशय कुणावर? चहावर. आल्यावर. नव्या साबणावर. माझ्या घरी दोन वर्षं आलं बंद होतं.

ज्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेले, त्यांनी माझे स्वच्छ हात बघितले आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. लग्नाचं वगैरे चाललंय का?" या वाक्याचा वंशवृक्ष मला नंतर सापडला. तो पॅरिसला जातो.

काहींच्या त्वचेवर बोथट वस्तूने रेघ ओढली की ती रेघ काही मिनिटांत फुगून वर येते. नाव लिहिलं तर नाव उमटतं. याला डर्मोग्राफिझम म्हणतात, म्हणजे त्वचालेखन. पित्ताच्या सगळ्या विचित्र प्रकारांत हा सर्वांत जास्त आढळणारा. लंडनच्या विल्यम गल याने 1859 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. पण तो गाजला फ्रान्समध्ये. 1879 मध्ये दुजार्दां-बोमेट्झ या डॉक्टरने पॅरिसच्या वैद्यक मंडळासमोर एक रुग्ण आणली आणि तिला नाव दिलं 'ऑटोग्राफिक बाई'. तिच्या अंगावर काहीही लिहावं, ते उठून दिसायचं.

तो काळ सालपेत्रिएर इस्पितळाचा. शार्को हा तिथला प्रसिद्ध मज्जातज्ज्ञ. हिस्टेरिया हा तिथला मुख्य विषय आणि तो तपासायला आणलेल्या बहुतेक बाया गरीब. डर्मोग्राफिझम हे हिस्टेरियाचं एक लक्षण मानलं गेलं, म्हणजे मन बिघडलेलं असल्याचा अंगावरचा दाखला. मग डॉक्टर लिहू लागले. नावं, तारखा, आकृत्या. त्यांचे फोटो काढले गेले, पुस्तकांत छापले गेले. बार्तेलेमी याने 1893 मध्ये या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. पूर्वी ज्या बायकांच्या अंगावर 'सैतानाच्या खुणा' सापडल्या म्हणून त्यांना छळलं गेलं, त्यांतल्या काहींना हेच झालं असावं, असाही विचार त्यात येतो. इतकं कळलेलं असताना पुढे काय झालं? 1904 मध्ये सालपेत्रिएरच्या नियतकालिकात एक फोटो छापला गेला. एक बाई पाठमोरी बसलेली आहे आणि तिच्या उघड्या पाठीवर ठसठशीत उठलेले शब्द आहेत : 'देमांस प्रेकॉस'. म्हणजे आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याचं तेव्हाचं नाव. डॉक्टरने तिचं निदान तिच्याच कातडीवर लिहिलं होतं.

मी तो फोटो फोनवर मोठा करून बघितला होता. बाईचा चेहरा दिसत नाही. तिला खाजत होतं का, हे कुणी लिहून ठेवलेलं मला मिळालं नाही. डर्मोग्राफिझममध्ये खाज हीच मुख्य तक्रार असते. एवढी वर्षं तिच्यासारख्या बायकांच्या अंगावर लिहिलं गेलं, आणि त्यांना काय होतंय हे विचारणं हा त्या अभ्यासाचा भाग नव्हता.

*

ही कोंडी सुटली ती लंडनमध्ये, आणि सोडवणारा माणूस मनाचा नव्हे तर हृदयाचा डॉक्टर होता. थॉमस लुइस. 1924 मध्ये त्याने आणि रोनाल्ड ग्रँटने साध्या निरोगी माणसांच्या त्वचेवर रेघा ओढल्या. आधी एक लाल रेघ. मग तिच्या आजूबाजूला पसरणारा लालिमा. रेघ जोरात ओढली असेल तर शेवटी फुगवटा. हे तिन्ही टप्पे सगळ्यांत होतात, फक्त काहींत फार कमी जोराने होतात. म्हणजे 'ऑटोग्राफिक बाई' ही वेगळ्या जातीची प्राणी नव्हती. तुमच्या-माझ्या त्वचेत जे होतं तेच तिच्यात लवकर आणि जास्त होत होतं. लुइसने म्हटलं की त्वचेला इजा झाली की तिच्यातून हिस्टामिनसारखा पदार्थ सुटतो. हिस्टामिन टोचल्यावरही त्वचेवर हेच चित्र उमटतं. हिस्टामिनचा शरीरावरचा परिणाम हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी 1910 मध्येच दाखवला होता. 1927 मध्ये ते जिवंत शरीराच्या उतींमध्ये मुळातच असतं हेही सिद्ध झालं.

ते शरीरात कुठे साठवलेलं असतं, याचं उत्तर एका जुन्या गैरसमजात लपलेलं होतं. पाउल एर्लिख याने 1878 मध्ये, विद्यार्थी असताना, दाणेदार पोटाच्या काही पेशी पाहिल्या आणि त्या खाऊन टम्म झाल्या आहेत असं वाटून त्यांना मास्ट पेशी म्हटलं. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे जनावराला धष्टपुष्ट करण्यासाठी दिलेला चारा. ते दाणे म्हणजे जेवण नव्हतं, तो दारूगोळा होता. रायली आणि वेस्ट यांनी 1953 मध्ये दाखवलं की हिस्टामिन या पेशींतच भरलेलं असतं. पेशी फुटली की ते बाहेर, केशवाहिन्या गळू लागतात, त्वचेत पाणी भरतं, गांध उठते.

आता ही पेशी फोडतं कोण? इथे मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता प्रयोग येतो. 1921, ब्रेस्लाउ, आताचं पोलंडमधलं व्रॉत्सवाफ. हाइन्ट्स क्युस्टनरला शिजवलेला मासा चालत नसे, खाल्ला की अंगभर गांधी. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्सला माशाचं काही नव्हतं. प्राउस्निट्सने क्युस्टनरच्या रक्तातलं सीरम काढून स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. त्या जागेवर गांध उठली. बाकीच्या पोटावर काही नाही. म्हणजे क्युस्टनरचा आजार त्याच्या स्वभावात किंवा मनात नव्हता, तो बाटलीत भरून दुसऱ्याच्या कातडीत नेता येत होता. मित्राच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याची याहून सरळ पद्धत मला माहीत नाही.

सीरममधला तो घटक कोणता, हे कळायला 1966 उजाडलं. अमेरिकेत डेन्व्हरला काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याने तो वेगळा काढला. त्वचेवरच्या चाचण्यांसाठी पाठ वापरली ती किमिशिगे यांची. आज रक्त तपासणीच्या रिपोर्टवर आपण 'आयजीई' वाचतो, ते हेच. प्राउस्निट्सला नाझी सत्तेमुळे 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ज्याच्या नावाची चाचणी होती तो माणूस इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर साधा फॅमिली डॉक्टर म्हणून राहिला.

*

पण मासा हे 'सभ्य' कारण झालं. खाल्लं आणि उठलं, कुणालाही पटतं. ज्यांना काही न खाता उठतं त्यांचं काय? अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या विल्यम ड्यूक या डॉक्टरने 1924 मध्ये एक लेख लिहिला. ऊन, थंडी, गरमी, घर्षण, शारीरिक श्रम, मानसिक ताण, या सगळ्यांनी पित्त उठू शकतं, असं सांगणारा. त्याने याला 'फिजिकल ॲलर्जी' म्हटलं. यात ॲलर्जी हा शब्द काटेकोरपणे बसत नाही, पण एक काम झालं : या तक्रारींना बसायला खुर्ची मिळाली.

ड्यूकच्या यादीत मानसिक ताण आहे, आणि तो खरा आहे हेही सांगायला हवं. व्यायाम, गरम पाणी, तिखट जेवण, परीक्षेची धास्ती, या कशानेही शरीर तापलं की काहींना टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक गांधी येतात. घाम आणणाऱ्या मज्जातंतूंचा रासायनिक निरोप, ॲसिटिलकोलिन, त्यात गुंतलेला असतो, म्हणून या प्रकाराला कोलिनर्जिक म्हणतात. ग्रँट आणि सहकाऱ्यांनी 1936 मध्ये त्याच्यावर नीट प्रयोग केले. भावना हे कारण निघालं, पण कसं? घामाच्या यंत्रणेतून. धावून येणारं पित्त आणि घाबरून येणारं पित्त एकाच वाटेने येतं. 'टेन्शन घेऊ नका' म्हणणाऱ्याला एवढं माहीत असेल तर माझी हरकत नाही.

त्याच 1936 साली मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टनने थंडीच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. हात गार पाण्यात बुडवून बाहेर काढला की काहींचा हात तर सुजायचाच, पण काही मिनिटांनी चेहरा लाल व्हायचा, रक्तदाब पडायचा, माणूस बेशुद्ध व्हायचा. अख्खं अंग गार पाण्यात असताना असं झालं तर काय, हे सांगायला नको. म्हणून थंडीचं पित्त असणाऱ्याने एकट्याने पोहायला जाऊ नये, धबधब्याखाली उभं राहू नये. पावसाळी ट्रेकचे फोटो बघून मला दर वर्षी हॉर्टन आठवतो.

थंडीची साधी चाचणी म्हणजे बर्फाचा खडा पिशवीत घालून हातावर पाच मिनिटं ठेवायचा, काढायचा आणि वाट बघायची. चौकोनी गांध उठली की निकाल लागला. माझी उठली तेव्हा मला रडू आलं होतं, आनंदाने. पण याच चाचणीने काहींवर अन्यायही केला. काइल आणि रस्क यांनी 1940 मध्ये एका कुटुंबाची हकिगत छापली. पिढ्यान् पिढ्या त्यांच्यात थंडीने अंगावर उठायचं, ताप यायचा, सांधे दुखायचे. अशा कुटुंबांत बर्फाचा खडा ठेवला तर काहीच होत नाही. गार हवेच्या खोलीत बसल्यावर, तास-दोन तासांनी होतं. 2001 मध्ये कॅलिफोर्नियात हॅल हॉफमन यांच्या गटाने या कुटुंबांतला बिघडलेला जनुक शोधला. ही ॲलर्जी नव्हतीच, शरीराची दाह पेटवणारी यंत्रणा थंडीने आपोआप चालू होत होती. 2008 मध्ये त्या दाहाचा एक निरोप अडवणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. 1940 पासून मोजा, आणि त्याआधीच्या आज्या-पणज्या वेगळ्या.

*

पाण्याच्या पित्ताची बातमी दर काही महिन्यांनी फोनवर येते : 'या मुलीला आहे पाण्याची ॲलर्जी!' खाली हसणाऱ्या इमोजी. शेली आणि रॉन्सली या डॉक्टरांनी 1964 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. पाणी गरम असो की गार, नळाचं असो की डिस्टिल्ड, अंगाला लागलं की बारीक गांधी. आजवर जगातल्या वैद्यकीय लेखांत त्याचे सुमारे शंभरच रुग्ण नोंदले गेले आहेत. तपासायचं तर अंगाच्या तापमानाएवढ्या कोमट पाण्याची ओली पट्टी अर्धा तास ठेवतात, म्हणजे थंडीने की पाण्याने हा घोळ राहत नाही. बहुतेकांना पाणी पिताना काही होत नाही, म्हणून 'हिला पाण्याची ॲलर्जी, मग ही जिवंत कशी' हा खालचा प्रश्न फोल आहे. पाणी त्वचेवरच्या थरातलं काहीतरी विरघळवून आत नेत असावं, असा एक तर्क आहे. आंघोळ, घाम, पाऊस, रडणं. यातलं काय टाळणार?

धक्क्यांचं पित्त याहून विचित्र. टॉवेलने अंग खसाखसा पुसलं, टाळ्या वाजवल्या, खडखडत्या गाडीत बसलं, की उठतं. 1972 मध्ये एका कुटुंबात ते आढळल्याची नोंद झाली. पुढे लेबनीज वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून 2016 मध्ये संशोधकांनी त्याचा जनुक सांगितला. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर दोन भाग एकमेकांना धरून असतात. या लोकांत ती पकड सैल असते, धक्का बसला की सुटते आणि पेशी फुटते. 'बसमध्ये बसलं की अंगावर उठतं' असं सांगणारं पोर शाळेत न जाण्याचे बहाणे करतंय, असं किती घरांत ठरलं असेल!

आणि मटण. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत कर्करोगाच्या एका औषधाने, सेटक्सिमॅबने, अनेकांना पहिल्याच डोसला जोरदार रिॲक्शन येऊ लागली. इतर भागांत नाही. व्हर्जिनियातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं की या लोकांच्या रक्तात आधीच 'अल्फा-गॅल' नावाच्या शर्करेविरुद्ध आयजीई आहे. ही शर्करा गाय, डुक्कर, मेंढी यांच्या मांसात असते, माणसात नसते. पण ती प्रतिपिंडं या लोकांत आली कुठून? प्लॅट्स-मिल्स 2007 मध्ये डोंगरात फिरायला गेले होते आणि पायांना गोचिडांची बारीक पिल्लं शेकड्याने चावली होती. त्यांनी स्वतःचं रक्त तपासत राहायचं ठरवलं, आकडा चढत गेला. मग एके रात्री लँब चॉप्स खाऊन ते झोपले आणि मध्यरात्री अंगभर गांधी घेऊन उठले. ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्युनन यांनाही त्याच सुमारास गोचीड चावणं आणि मांस न सोसणं यांचा संबंध दिसला होता. लक्षणं तीन ते सहा तासांनी येतात. रात्री नऊला मटण आणि दोनला पित्त, हा संबंध लोक जोडत नव्हते, आणि जोडून सांगितला तरी डॉक्टर मान हलवत. कारण ॲलर्जी म्हणजे लगेच, असं पुस्तकात होतं.

*

हे सगळे दुर्मीळ प्रकार झाले. ज्यांना महिनोन् महिने रोज उठतं आणि कशाने ते कधीच सापडत नाही, अशा लोकांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्यांच्या फाइलवर वर्षानुवर्षं 'इडिओपॅथिक' लिहिलं जायचं, म्हणजे 'कारण अज्ञात', आणि घरी त्याचा अर्थ 'मनाचं' असा लावला जायचा. 1986 मध्ये ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचंच सीरम त्यांच्याच त्वचेत टोचलं. काहींना गांध उठली. प्राउस्निट्सचा प्रयोग, पण इथे मित्र आणि मासा दोन्ही तोच माणूस. 1993 मध्ये त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात मास्ट पेशीवरच्या आयजीईच्या खुंटीलाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं सापडली. बाहेरून काही येतच नव्हतं. वांगं निर्दोष होतं.

औषधांचं सांगायचं तर हिस्टामिनला अडवण्याचा पहिला मार्ग बोव्हे आणि श्टाउब यांनी 1937 मध्ये दाखवला. त्यातून आलेल्या गोळ्यांच्या पहिल्या पिढीतली एव्हिल आपल्या कितीतरी घरांच्या डब्यात असते आणि खाणाऱ्याला दिवसभर पेंगवते. पुढच्या पिढीच्या गोळ्या कमी झोपवतात. त्यांनी भागत नसेल तर आयजीईलाच पकडणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. 2014 मध्ये अमेरिकेत ते या आजारासाठी मंजूर झालं, आणि महाग आहे. पित्तासोबत जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली, तर गोळी आणि आमसूल दोन्ही सोडून थेट इस्पितळ गाठायचं. तिथे ॲड्रेनलिन लागतं.

सध्या मी एक तक्ता भरते. माझ्या आताच्या डॉक्टरांनी दिलेला. गेल्या चोवीस तासांत किती गांधी उठल्या, त्याला शून्य ते तीन. खाज किती होती, त्याला शून्य ते तीन. असे सात दिवस, जास्तीत जास्त बेरीज 42. जगभरचे तज्ज्ञ औषध वाढवायचं की कमी करायचं ते याच आकड्यावर ठरवतात, नव्या औषधांच्या चाचण्याही याच्यावर चालतात. यात रक्त नाही, यंत्र नाही. रुग्णाने घरी बसून, काय झालं ते स्वतः लिहायचं. शिवाय उठलेलं असतानाच फोटो काढून ठेवायचे, तारीख-वेळेसह. माझ्या फोनच्या गॅलरीत पावसाळ्यातले माझ्या हातांचे दोनशे फोटो आहेत. गेल्या आठवड्याची बेरीज 11 आली.